पोलिसांनी गाडी थांबवली, डिकी उघडायला सांगितली: सोलापुरातल्या वाहनचालकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर नाक्यांचं शहर आहे. जुना पुणे नाका, विजापूर नाका, बोरामणी नाका ही नावंच आपल्या तोंडात बसली आहेत. कर्नाटकची हद्द तासाभराच्या आत. चादरी-टॉवेलचे टेम्पो हैदराबादला निघालेले, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याला, भाविकांच्या गाड्या अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढीला वारी, मधल्या काळात निवडणुका. नाकाबंदी म्हणजे आपल्याकडे रोजचीच गोष्ट.

मी इथल्या कोर्टात वकिली करतो. या विषयावर माझ्याकडे येणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काहीजण खाकी दिसली की घामेघूम होतात आणि विचारलेलं, न विचारलेलं सगळं उघडून दाखवतात. काहीजण व्हॉट्सअॅपवर वाचलेलं कलम पोलिसांच्या तोंडावर फेकतात आणि साध्या पावतीचं प्रकरण ठाण्यापर्यंत नेतात. नुकसान दोघांचंही होतं, आणि बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. गाडी थांबवणं, कागद तपासणं, झडती घेणं आणि जप्ती करणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीला फारसं कारण लागत नाही. पुढच्या प्रत्येक पायरीला आधीपेक्षा भक्कम कारण लागतं.

काहीच चुकलेलं नसताना पोलीस गाडी थांबवू शकतात का?

हो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याकडे गणवेशातला कोणताही पोलीस लायसन मागू शकतो. लायसन बघायचं तर गाडी थांबवावी लागणारच. शिवाय कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमनावर असलेल्या पोलिसाचा इशारा पाळणं चालकावर बंधनकारक आहे. तेव्हा सात रस्त्यावर हात दाखवला की गाडी बाजूला घ्यायची. "माझी चूक काय?" हा प्रश्न थांबल्यावर विचारा, जरूर विचारा. न थांबता निघून जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १७९ खाली त्याला २,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पळालेल्या गाडीबद्दल संशय वाढतो तो निराळाच.

पण फौजदारच थांबवू शकतो, शिपायाला अधिकार नाही, असं म्हणतात?

हा गैरसमज कलम १३२ अर्धवट वाचल्यामुळे पसरला. त्या कलमात फौजदार, म्हणजे पीएसआय, या दर्जाचा उल्लेख आहे खरा. पण तो अपघात झालेल्या गाडीबाबत आहे. चौकातल्या हवालदाराने लायसन मागितलं तर त्याचा दर्जा विचारत बसू नका, लायसन दाखवा. दर्जा महत्त्वाचा ठरतो तो झडतीच्या वेळी. ते पुढे येईलच.

साध्या कपड्यातल्या माणसाने हात केला तर?

लायसन मागण्याचा आणि श्वासतपासणीचा अधिकार कायद्याने गणवेशातल्या पोलिसाला दिलेला आहे. गुन्हे शाखेची माणसं साध्या कपड्यात फिरतात आणि तपासाच्या कामात त्यांना अधिकार असतात, हेही तितकंच खरं. म्हणून ओळखपत्र मागा. त्यावरचं नाव आणि हुद्दा वाचा. रात्रीची वेळ असेल, रस्ता निर्मनुष्य असेल आणि मनात शंका असेल तर गाडी सावकाश उजेडाच्या ठिकाणी न्या, काच थोडीच खाली करा आणि ११२ वर फोन करून "अमुक ठिकाणी नाकाबंदी आहे का?" असं विचारा. असा फोन केला म्हणून खरा पोलीस रागावण्याचं कारण नाही.

कोणते कागद दाखवायचे? मोबाईलवरचे चालतात का?

लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. मालाची किंवा प्रवासी गाडी असेल तर परमिट आणि फिटनेसही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून हे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही ग्राह्य आहेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपमधली प्रत चालते. गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो मात्र चालत नाही. इथंच बरेचजण फसतात.

आरसी किंवा इन्शुरन्स घरी राहिला असेल तर कलम १३० मध्येच सोय आहे: मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत साक्षांकित प्रत सादर करता येते. या कलमातली ही सवलत लायसनसाठी नाही. ते जवळ हवंच.

लायसन काढून घेता येतं का?

ठरावीक कारणांसाठीच. कलम २०६ प्रमाणे कागद बनावट असल्याचा संशय असेल किंवा चालक समन्स चुकवून पळून जाईल असं वाटत असेल, तर लायसन ताब्यात घेता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, हेल्मेट नसणं अशा काही गुन्ह्यांतही ते घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. घेतलं तर त्याची पोच मिळालीच पाहिजे. पोच नसेल तर लायसन हातातून सोडू नका. "साहेब, पोच द्या" एवढं शांतपणे म्हणा आणि तिथंच उभे राहा.

गाडीची चावी काढून घेणं, हवा सोडणं?

वाहतूक तपासणीत असं करण्याची तरतूद कायद्यात नाही. गाडी ताब्यात घ्यायची असेल तर कलम २०७ आहे, पण त्याचीही कारणं ठरलेली आहेत: लायसन नसणं, वय कमी असणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं. चावी काढलीच तर हातघाईवर येऊ नका. वेळ, ठिकाण आणि छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवा, तक्रार नंतर करा. रस्त्यावर पोलिसाचा हात धरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं. त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चावीवरून सुरू झालेला वाद या कलमापर्यंत (तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३) गेल्याची प्रकरणं मी कोर्टात चालवली आहेत. त्यात माझ्या पक्षकाराची मूळ बाजू खरी होती, तरी त्याची तीन-चार वर्षं तारखांत गेली.

"डिकी उघडा." उघडायलाच हवी का?

खरा प्रश्न हा आहे.

लायसन मागण्याच्या अधिकारातून डिकी उघडण्याचा अधिकार आपोआप निघत नाही. मोटार वाहन कायदा कागदांबद्दल आणि गाडीच्या अवस्थेबद्दल बोलतो. तुमच्या पिशवीत काय आहे हा त्याचा विषय नाही. झडतीसाठी पोलिसांना दुसरा कायदा लागतो, आणि त्या कायद्याला कारण लागतं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात 'ठिकाण' या शब्दाची व्याख्या आहे आणि त्यात घर, इमारत, तंबू, जहाज यांच्या बरोबरीने वाहनही धरलेलं आहे. ही साधी ओळ फार मोलाची आहे. तुमच्या घराची झडती घ्यायची तर जी शिस्त पाळावी लागते, तीच या संहितेखालच्या गाडीच्या झडतीलाही लागते.

रस्त्यावर मात्र काय होतं? पोलीस सांगतात, आपण उघडतो. हे संमतीने झालं असं धरलं जातं. संमती देणं गैर नाही. मी स्वतः बहुतेक वेळा देतो. मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन तुळजापूरहून परतत होतो, रात्रीचे अकरा वाजून गेले होते. एका तरुण फौजदाराने गाडी थांबवली. मी म्हटलं, "साहेब, उघडतो. पण कशासाठी ते सांगा." त्याने सरळ सांगितलं की त्या रस्त्यावर त्याच रात्री एक गाडी चोरीला गेली होती आणि तिचा रंग माझ्या गाडीसारखाच होता. मी उघडली. डिकीत प्रसादाची पिशवी आणि आईचं स्वेटर. दोन मिनिटांत मोकळे झालो. कारण विचारलं म्हणून त्याला राग आला नाही, कारण सांगितलं म्हणून मला भीती वाटली नाही.

तुम्हाला संमती द्यायची नसेल तर आवाज न चढवता म्हणा: "साहेब, कुठल्या गुन्ह्याच्या तपासात झडती घेताय ते सांगा. कायद्याप्रमाणे घ्यायची असेल तर मी आडवा येणार नाही, पण माझी संमती नाही." मग पोलिसांनी झडती घेतलीच, तर अंगाने अडवू नका. संमती नव्हती हे बोलून ठेवलेलं पुढे कामाला येतं.

वॉरंटशिवाय झडती कधी घेता येते?

वॉरंट लागतंच असं नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पण वॉरंट नसेल तर कारण हवं.

तपास चालू असलेल्या गुन्ह्यात ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. त्याचं नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १८५. वस्तू अमुक ठिकाणी सापडेल असं मानायला वाजवी कारण पाहिजे, ते आधी लिहून ठेवलं पाहिजे आणि नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे गेल्या पाहिजेत. गस्तीवरच्या शिपायाच्या मनात आलं म्हणून कलम १८५ लागू होत नाही.

चोरीचा माल असल्याचा संशय ही वेगळी बाब. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे रस्त्यावर कुणाकडे दिसणारी वस्तू चोरीची असावी असं पोलिसाला प्रामाणिकपणे वाटलं, तर तो ती तपासू शकतो आणि हिशोब विचारू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली संशयास्पद मालमत्ता ताब्यात घेता येते. नंबरप्लेट वाकवलेली, मागच्या सीटवर कुलूप तोडलेल्या तीन सायकली, विचारल्यावर उत्तर धड नाही, तर संशय वाजवी ठरतो. "चेहरा बरोबर वाटला नाही" हे कारण कोर्टात टिकत नाही.

अटक झाली असेल तर अटक केलेल्याची अंगझडती घेता येते. बाकी अमली पदार्थ, दारू, हत्यारं, जनावरं यांचे स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यात पोलिसांचे अधिकार मोठे आहेत.

झडती घेतलीच तर ती कशी व्हायला हवी?

इथं एक प्रसंग सांगतो. एक टेम्पोचालक माझ्याकडे आला होता. टॉवेलचे गठ्ठे घेऊन तो जिल्ह्याबाहेर निघाला होता. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवली. भुरभुर पाऊस. ताडपत्रीची दोरी सोडवत बसायला नको म्हणून गाठी ब्लेडने कापल्या. गठ्ठे खाली उतरवले, तीन फोडले, पांढरे टॉवेल चिखलात. काही सापडलं नाही. "जा" म्हणाले. माल पोचला तेव्हा दोन गठ्ठे कमी भरले. ते कुठं गेले हे आजही कुणाला सांगता येणार नाही, कारण पंचनामा नाही, पावती नाही, पंच नाहीत, चित्रीकरण नाही. व्यापाऱ्याने पैसे त्याच्या भाड्यातून कापले. कापलेली दोरी तो मला दाखवायला पिशवीतून घेऊन आला होता. पुरावा म्हणून त्याच्याकडे तेवढंच होतं.

म्हणून पंचनाम्याचा आग्रह धरा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांच्या समोर झडती, जे घेतलं त्याची यादी, यादीवर पंचांच्या सह्या आणि तुम्हाला एक प्रत. नव्या संहितेने आणखी एक मोठी गोष्ट दिली आहे: कलम १०५. झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. मोबाईलवर केलेलं चित्रीकरणही चालतं. "साहेब, कलम १०५ प्रमाणे शूटिंग करा" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते तुमच्या बाजूचं आहे आणि प्रामाणिक पोलिसाच्याही बाजूचं आहे.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. तुम्हाला तेलुगू किंवा कन्नड वाचता येतं पण मराठी नाही, अशी आपल्याकडे कितीतरी घरं आहेत. त्यांनी "वाचून दाखवा" म्हणावं.

गाडीत बाई असेल तर?

बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, शालीनता राखून. याला अपवाद नाही. महिला पोलीस हजर नसेल तर ती येईपर्यंत थांबायचं. पर्ससुद्धा पुरुष पोलिसाने चाचपू नये, असा आग्रह धरा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते.

गांजाच्या संशयावरून थांबवलं तर नियम वेगळे असतात का?

हो, आणि कडकही असतात. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याच्या कलम ४९ प्रमाणे अधिकार असलेला अधिकारी संशय आल्यास कोणतंही वाहन कधीही थांबवून त्याची झडती घेऊ शकतो. सार्वजनिक ठिकाणच्या झडतीसाठी कलम ४३ आहे.

कलम ५० तुमचं संरक्षण करतं. तुमच्या अंगाची झडती घेण्याआधी, ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असं तुम्ही मागू शकता, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. पण हे संरक्षण अंगापुरतंच आहे. बॅग किंवा गाडीच्या झडतीला ते लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या पवनकुमार प्रकरणात स्पष्ट केलं. वाजवी कारणाशिवाय त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही याच कायद्याच्या कलम ५८ मध्ये शिक्षा सांगितली आहे.

ट्रक आणि टेम्पोवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वाटेत भाड्याने चढवलेलं पार्सल उघडून बघितल्याशिवाय, पाठवणाऱ्याचं नाव-नंबर घेतल्याशिवाय गाडीत घेऊ नका. या कायद्यात माल सापडल्यावर "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते. जामीनही सहज मिळत नाही.

कर्नाटकातून येताना दारू, गुटखा?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग दोघांनाही कारवाईचा अधिकार आहे. तिकडे दुकानात रीतसर विकत घेतलेली बाटली इकडे रीतसर ठरेलच असं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखालची बंदी, त्यामुळे माल सापडला की अन्न व औषध प्रशासनही येतं.

जनावरांची गाडी कोण अडवू शकतं?

महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमात २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाय, बैल, वळू यांच्या वाहतुकीचं वाहन फौजदार किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, किंवा राज्य शासनाने अधिकार दिलेली व्यक्ती थांबवून तपासू शकते. इथं दर्जा बघायचा.

शासनाचा अधिकार नसलेल्या कुठल्याही टोळक्याला, मग ते स्वतःला काहीही म्हणवोत, रस्त्यात गाडी अडवण्याचा, कागद मागण्याचा, चालकावर हात टाकण्याचा हक्क नाही. बाजारातून बैलजोडी घेऊन घरी निघालेला शेतकरी असो की व्यापारी, त्याला अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. मारहाण झाली तर कलमं वाढतात. कुणाला संशय असेल तर त्याने ११२ ला कळवावं, एवढाच त्याचा अधिकार. बाजार समितीची पावती, खरेदीचा कागद आणि पशुवैद्यकीय दाखला चालकाने जवळ ठेवावा. या विषयात माणसं जिवाला मुकली आहेत, म्हणून जरा लांबवून सांगतोय.

चादरी-टॉवेलचा माल आहे. पोलीस ई-वे बिल मागू शकतात का?

मालगाडी अडवून जीएसटीचे कागद तपासण्याचा अधिकार जीएसटी कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे त्या खात्याच्या अधिकाऱ्याला आहे. वाहतूक पोलीस तुमचं बिल बघून करचुकवेगिरी ठरवू शकत नाही. माल चोरीचा नाही हे दाखवायला बिल उपयोगी पडतं, तेव्हा दाखवायला हरकत नाही. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल जात असेल तर ई-वे बिल हवंच, त्यावरचा गाडीनंबर बरोबर आहे का ते निघताना तपासा. गाडी बदलली आणि नंबर बदलायचा राहिला, हा नेहमीचा घोटाळा.

निवडणुकीत रोकड पकडतात. मर्यादा किती?

आचारसंहितेच्या काळात स्थिर पथकं नाक्यावर बसतात. तपासणी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर आणि चित्रीकरण करून व्हायची असते. ५०,००० रुपयांचा जो आकडा सगळ्यांना ठाऊक आहे, तो मुळात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, कार्यकर्ता किंवा प्रचारसाहित्य असलेल्या गाडीबद्दलचा आहे. १० लाखांवर रोकड मिळाली आणि गुन्ह्याचा किंवा उमेदवाराशी संबंधाचा संशय नसेल, तर ती माहिती प्राप्तिकर खात्याला जाते.

तरी मार्केट यार्डातून कांद्याचे पैसे घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला थांबवलं जातंच. आडत्याने दिलेली विक्रीची पट्टी खिशात ठेवा. बँकेतून काढले असतील तर पासबुकाची नोंद. रक्कम जप्त झालीच तर ती परत देण्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते, तिच्याकडे लगेच अर्ज करा.

फुंकायला सांगितलं तर नकार देता येतो का?

दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलीस मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे श्वासचाचणी घेऊ शकतो. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. नकार दिला आणि दारूचा संशय कायम असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, शिवाय नकार तुमच्या विरोधात धरला जातो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. नळी नवी लावा, असं सांगा. ते वाजवी मागणं आहे.

मोबाईल बघायला मागितला तर?

अॅपमधलं लायसन दाखवा, फोन हातात देऊ नका. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर तो रीतसर ताब्यात घ्यावा लागतो, जप्तीच्या नोंदीसह. चौकात उभं करून व्हॉट्सअॅप चाळण्याचा सरसकट अधिकार कुणालाही नाही.

मी व्हिडिओ काढू शकतो का?

रस्त्यावर चाललेल्या कारवाईचं चित्रीकरण करू नये असा कायदा नाही. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पण फोन पोलिसाच्या नाकासमोर नाचवू नका, कामात अडथळा येईल असं करू नका आणि लगेच सगळीकडे टाकू नका. ते तुमच्या तक्रारीसाठी जपून ठेवा.

दंड तिथंच भरायलाच हवा का?

नाही. तडजोडीचा दंड भरणं हा तुमच्या मर्जीचा भाग आहे. मान्य नसेल तर प्रकरण कोर्टात जाऊ द्या. भरणार असाल तर ई-चलानच्या यंत्रावर किंवा ऑनलाइन भरा आणि पावती घ्या. पावतीशिवाय दिलेला पैसा म्हणजे लाच, देणाराही त्यात अडकतो. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

"ठाण्यात चला" म्हणाले तर?

अटक आहे का, ते विचारा. अटक असेल तर कारण सांगायला हवं, नातेवाइकाला कळवायला हवं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुधा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देता येते. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. बाई, पंधराच्या आतला मुलगा आणि साठीपुढचा माणूस यांना घराबाहेर बोलावता येत नाही.

गाडी जमा केली. सोडवायची कशी?

कागद नसल्यामुळे अडवली असेल तर कागद दाखवून, दंड भरून सुटते. गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त असेल तर कोर्टात सुपूर्दनाम्याचा, म्हणजे खटला चालू असताना गाडी हमीवर ताब्यात मिळावी असा, अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं पडू देऊ नयेत, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन लवकर परत द्यावीत. कुठल्याही ठाण्यामागे गंजत पडलेल्या दुचाकी बघा. त्यातल्या कितीतरींसाठी कुणी अर्जच केलेला नसतो. हप्ते मात्र चालूच असतात. पहिल्याच आठवड्यात अर्ज करा.

झडती बेकायदा होती. मग सापडलेली वस्तू पुरावा धरली जात नाही ना?

दुर्दैवाने असं सरळ नाही. झडतीत दोष राहिला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या पूरनमल प्रकरणात सांगितलं. पंच नव्हते, चित्रीकरण नव्हतं, नोंदीत वेळ जुळत नाही, या गोष्टींमुळे पुराव्यावरचा विश्वास कमी होतो आणि आरोपी सुटूही शकतो. अमली पदार्थांच्या अंगझडतीत कलम ५० मोडलं असेल तर त्याचा परिणाम फार मोठा होतो. तरी "झडती चुकीची, म्हणजे मी सुटलो" असं गृहीत धरून गप्प बसू नका. वकिलाला पहिल्याच दिवशी सगळं सांगा.

पोलीस चुकीचं वागले. तक्रार कुठं?

आधी हद्द बघा. शहरात घडलं असेल तर पोलीस आयुक्त, तालुक्यात घडलं असेल तर सोलापूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, पोलिसाचं नाव माहीत नसेल तर वर्णन. तिथं दाद लागली नाही तर पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ प्रमाणे त्रास देण्यासाठी झडती घेणं, अडकवून ठेवणं हा पोलिसाने केलेला गुन्हा आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अटही नाही. नंबर १५१००. त्या टेम्पोवाल्याला हा नंबर त्या रात्री माहीत नव्हता.